सुरतेची आग, आपला रस्ता

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी. दुसरी, लग्नाच्या यादीतली आहेराची साडी. निपाणी-संकेश्वरच्या दुकानांपासून बेळगावच्या खडेबाजारापर्यंत आहेराच्या साड्यांचे जे गठ्ठे सुटतात, त्यांतले पुष्कळसे सुरतेहूनच आलेले असतात. तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. हे शहर एकदा डांबरानं पेट घेतल्यामुळे जळून गेलं होतं.

तारीख होती २४ एप्रिल १८३७. संध्याकाळी पाचच्या सुमारास मच्छलीपीठ भागातल्या एका सधन घरात तापत असलेल्या डांबरानं पेट घेतला. शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीवरून पाणी भरू दिलं नाही, अशी त्या काळची नोंद आहे. घरं लाकडी सांगाड्याची, गल्ल्या अरुंद, दिवस उन्हाळ्याचे. बघता बघता आग गल्लीतून गल्लीत गेली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि राहिलेल्या पेठाही पेटल्या. रात्री तिचा उजेड वीस-तीस मैलांवरून दिसत होता म्हणतात. दोन दिवसांनी ती निवली तेव्हा ९,३७३ घरं गेली होती आणि पाचशेहून अधिक माणसं. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीचा पूरही शहरात शिरला. कितीतरी व्यापारी घराणी, विशेषतः पारशी, मुंबईला निघून गेली. मुंबई मोठी कशी झाली हे आम्ही वर्गात बंदर आणि रेल्वे यांच्या आधारे शिकवतो, त्यात हे डांबराचं भांडं सहसा येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला माझ्या मावसभावाकडे गेले होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मूळचे चिकोडीचे, गेली वीसेक वर्षं सुरतेत. हजिऱ्याच्या एका कारखान्यात आग आणि सुरक्षा खात्यात नोकरी. वहिनी गोकाकच्या, माहेर कानडी. मुलं आईशी कन्नड, वडिलांशी मराठी आणि आपसात गुजराती बोलतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, उधना, लिंबायत, डिंडोलीकडे गेलं तर रस्त्यावर अहिराणी कानावर पडते. खान्देशातून यंत्रमागावर आणि गिरण्यांत कामाला आलेली हजारो कुटुंबं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तेव्हा सुरतेची आग ही परक्यांची आग असं मानायचं काही कारण नाही.

मी अण्णांना १८३७ ची हकीगत सांगितली आणि विचारलं, "त्या शेजाऱ्यानं पाणी दिलं असतं तर शहर वाचलं असतं का हो?"

अण्णा म्हणाले, "पाणी दिलं नाही हे वाईटच. शेजारच्या लाकडांवर, छपरांवर ते मारता आलं असतं. पण अगं, पहिली बादली जर त्या पेटत्या डांबरातच ओतली असती, तर आग विझायच्या ऐवजी सगळ्या घरभर उडाली असती."

वहिनी आतून म्हणाल्या, "त्याला शाळा कशाला पाहिजे? कढईनं पेट घेतला की झाकण घालायचं. पाणी घातलं तर संपलं." खरं आहे. कढईतलं तेल पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. एका लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ. ती वाफ वरच्या पेटत्या तेलाला घेऊनच बाहेर येते. गॅस बंद, झाकण, आणि कढई हलवायची नाही. फायर ब्रिगेडवाले मोठमोठ्या टाक्यांवर जे करतात ते मुळात हेच आहे, फक्त त्यांचं झाकण फेसाचं असतं.

आता थोडं शास्त्र. मी भूगोलाची, रसायनशास्त्राची नव्हे, म्हणून अण्णांनी मला जसं सांगितलं तसंच सांगते. पेट्रोल जळत नाही. पेट्रोलची वाफ जळते. कुठलाही ज्वालाग्राही द्रव ठरावीक तापमानाच्या वर गेला की ठिणगीनं पेटेल इतकी वाफ सोडू लागतो. पेट्रोलच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा ते पेटायला तयारच असतं. रॉकेल आणि डिझेल त्यापेक्षा बरेच संथ. म्हणून आपल्या देशात पेट्रोलियमचे तीन वर्ग केले आहेत. २३ अंशांच्या खाली पेटणारे ते 'अ' वर्गाचे, २३ ते ६५ मधले 'ब', त्याच्या वर ९३ पर्यंत 'क'. या साठ्यांना परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था, जिला पेसो म्हणतात, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही नागपुरातच. देशभरच्या आगीचा विचार संत्र्यांच्या गावात होतो, ही एक गंमत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, उताराच्या बाजूला खड्ड्यात साचते. डोळ्यांना दिसत नाही. पन्नास पावलांवर कुणी विडी पेटवली, मोटारसायकलला किक मारली, तर ज्योत त्याच अदृश्य वाटेनं उलट मूळ गळतीपर्यंत धावत जाते. आपण मराठीत आग 'लागते' म्हणतो. वहिनींच्या कानडीत 'बेंकी हत्तैति' म्हणतात, म्हणजे बेंकी चढली. किंवा 'बेंकी बित्तु', बेंकी पडली. सांडलेल्या तेलाच्या बाबतीत मला कन्नड अधिक नेमकी वाटते. ही आग खरोखरच पडते, वाहते आणि मग चढते.

खंडाळ्याजवळ १३ जून २०२३ रोजी नेमकं असंच झालं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर रसायन वाहून नेणारा टँकर पुलावर उलटला आणि पेटला. पेटतं रसायन पुलाखालून जाणाऱ्या रस्त्यावर कोसळलं. चार जीव गेले, आणि त्यांत खालच्या रस्त्यानं जाणारे होते, ज्यांचा त्या टँकरशी काहीही संबंध नव्हता.

सुरतेनं मात्र गेल्या काही वर्षांत अशा आगी आणि गळती इतक्या पाहिल्या की अण्णांसारख्या माणसाला तारखा पाठ झाल्यात. जानेवारी २०१३ मध्ये हजिऱ्याच्या तेल टर्मिनलमध्ये पेट्रोलची टाकी पेटली. ती आटोक्यात यायला सुमारे एक दिवस गेला. २४ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे तीनच्या सुमारास ओएनजीसीच्या हजिरा प्रकल्पात एकामागून एक तीन स्फोट झाले. वहिनी म्हणतात, खिडक्यांची तावदानं थरथरली तेव्हा त्यांना भूकंपच वाटला होता. वायूचा पुरवठा तोडला, आग आटोक्यात आली आणि सुदैवानं कुणी दगावलं नाही.

सचिन औद्योगिक वसाहतीच्या वाट्याला तेवढं सुदैव आलं नाही. २९ नोव्हेंबर २०२३ ला रात्री दोनच्या सुमारास तिथल्या एका रसायन कारखान्यात मोठ्या टाकीतून ज्वालाग्राही रसायन गळलं, स्फोट झाला आणि आग भडकली. चोवीस कामगार जखमी झाले. आग विझवायला कित्येक तास लागले. दुसऱ्या दिवशी आत शोध घेतला तेव्हा सात मृतदेह सापडले. रात्रपाळीची माणसं. घरच्यांनी रात्री डबा भरून पाठवलेला असणार.

त्याआधी, ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे, याच वसाहतीत आग नाही पण गळती झाली. गळती तरी कशाची म्हणायची? एक टँकर अंधारात नाल्यात रसायन ओतत होता. नाल्यातून विषारी वायू उठला आणि शेजारच्या डाइंग मिलमधले सहा कामगार गुदमरून मेले, वीसहून अधिक जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते रसायन आपल्या तळोज्याच्या बाजूनं आलं होतं, असं पोलीस तपासात निघालं. महाराष्ट्रातला कचरा, गुजरातचा नाला आणि कुठल्या कुठल्या गावांहून पोटासाठी आलेले कामगार. अपघात हा शब्द मला इथं वापरावासा वाटत नाही.

या सगळ्या हकिगती ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा येत होता. बंब येतात, पण तासन्‌तास आग जळतच राहते. मग हे लोक तिथं करतात तरी काय? टीव्हीवर बघताना आपल्यालाही वाटतं की नुसतेच उभे आहेत. अण्णांचं उत्तर असं: पेटलेली टाकी विझवणं हे बहुतेक वेळा पहिलं काम नसतंच. पहिलं काम म्हणजे वारा कुठून येतो ते बघून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहणं. मग माणसं मोजायची, आत कुणी राहिलंय का. मग झडपा बंद करून तेलाचा पुरवठा तोडायचा. मग पाणी मारायचं ते जळत्या टाकीत नव्हे, शेजारच्या न जळणाऱ्या टाक्यांवर, म्हणजे त्या तापू नयेत. आणि पुरेसा फेस जमल्याशिवाय हल्ला करायचा नाही. अर्धवट फेस मारला तर तो जळून जातो आणि साठाही संपतो. फेसाचं द्रावण पाण्यात शंभराला तीन किंवा सहा या प्रमाणात मिसळतात, आणि एका मोठ्या टाकीसाठी ते इतकं लागतं की एका कारखान्याकडे, एका गावाकडे तेवढं नसतंच. म्हणून मोठ्या औद्योगिक पट्ट्यांत शेजारचे कारखाने एकमेकांना बंब, फेस आणि माणसं देण्याचा करार आधीच करून ठेवतात. मच्छलीपीठच्या त्या विहिरीवर जे घडलं नाही, ते आता कागदावर सह्या करून घडवून आणावं लागतं.

कधीकधी जळू देणं हाच शहाणपणा असतो. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल एका टाकीतून दुसरीकडे नेताना गळू लागलं. तासाभराहून अधिक काळ ते गळत राहिलं, वाफेचा ढग डेपोभर पसरला आणि मग स्फोट झाला. अकरा माणसं गेली. आग अकरा दिवस जळत होती. एवढ्या टाक्या एकदम पेटल्यावर तेल जळून संपण्याची वाट बघायची असंच ठरवावं लागलं. त्या प्रकरणाची चौकशी झाली, तेल डेपोंसाठी लांबलचक शिफारशी झाल्या. पण त्या घटनेतली मला सर्वांत भयंकर वाटते ती गोष्ट म्हणजे तो तासभर. तेल गळतंय, वास येतोय, आणि झडपेपर्यंत पोचून ती बंद करणारं कुणी उरलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हजिरा कुठं, जयपूर कुठं आणि आपण कुठं. भूगोलाच्या मास्तरणीला हा प्रश्न विचारू नये. तुमच्या-आमच्या दारावरून जो चारपदरी, सहापदरी रस्ता जातो, ज्याला आपण अजूनही जुन्या सवयीनं 'एनएच फोर' म्हणतो, तो आता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, सुरतेच्या कुशीतून मुंबई, पुणे, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी करत थेट चेन्नईला जातो. याच महामार्गावर जयपूरजवळ भांकरोट्याला २० डिसेंबर २०२४ ला एलपीजीच्या टँकरला ट्रक धडकला, वायू पसरला आणि रस्त्यावरच्या डझनांनी गाड्या त्यांच्या माणसांसकट पेटल्या. सुरतेकडचे टँकर आणि आपल्या मुलांची कॉलेजची बस एकाच डांबरावरून धावतात.

शिवाय आता आपल्याकडेच एक नवी गोष्ट तयार होते. कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून इथेनॉलचे टँकर निघतात आणि तेल कंपन्यांच्या डेपोत जाऊन पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ मध्ये देशात हे मिश्रण वीस टक्क्यांवर पोचलं. उसाला भाव मिळतो, चांगलंच आहे. पण इथेनॉल हा पेट्रोलपेक्षा वेगळ्या स्वभावाचा द्रव. त्याची ज्योत फिकट निळी, भर उन्हात दिसतही नाही. माणूस चालत चालत आगीत शिरू शकतो. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, तर इथेनॉल पाण्यात विरघळतं. आणि मुख्य म्हणजे पेट्रोलवर मारायचा साधा फेस इथेनॉलवर टिकत नाही. ते फेसातलं पाणी शोषून घेतं आणि झाकणच विरून जातं. त्याला अल्कोहोलवर टिकणारा वेगळा फेस लागतो. साखर कारखान्याच्या आवारात तो असतो. पण टँकर घाटात किंवा नाक्यावर उलटला तर पहिला बंब येणार तो जवळच्या तालुक्याचा किंवा नगरपालिकेचा. त्या बंबात कुठला फेस आहे, किती आहे, हे आपल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी एकदा विचारलं तर बरं. सीमेच्या अलीकडचा बंब पलीकडे जायचा की नाही, हेही आधीच ठरलेलं असावं. आगीला खानापूर कुठल्या राज्यात आणि चंदगड कुठल्या, हे समजत नाही.

टँकरमध्ये काय आहे हे आपल्याला कळतं कसं? त्यासाठी टँकरच्या अंगावर एक पाटी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचं चौकोनी चिन्ह आणि तातडीचे फोन नंबर लिहिलेले असलेच पाहिजेत. चालकाकडे त्या मालाविषयीचं कार्ड हवं आणि त्याचं खास प्रशिक्षण झालेलं हवं. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ म्हणजे डिझेल. ११७० म्हणजे इथेनॉल. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. शेजारी इंग्रजीत एक छोटा संकेतही असतो. पेट्रोलचा '३ वाय ई'. यातला ३ म्हणजे फेस वापरा. वाय म्हणजे सांडलेलं तेल गटारात-नाल्यात जाऊ देऊ नका, आडवून धरा. आणि शेवटचा ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. हा संकेत बंबवाल्यांसाठी आहे, पण तो शेवटचा ई आपल्यासाठीही आहेच.

पाटीवरच्या भाषेबद्दल एक सांगते. टँकरवर ठळक अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इंग्रजीत 'इन' लावलं की उलटा अर्थ होतो असं वाटून काही माणसं फसतात, म्हणून कितीतरी ठिकाणी आता नुसतं 'फ्लेमेबल' लिहितात. कन्नड पाटीवर 'अपाय' असतं. कन्नडमध्ये अपाय म्हणजे सरळ धोका, जीवावरचा. आपल्या मराठी डोळ्यांना तोच शब्द सौम्य वाटतो, जणू सर्दी-पडसं होईल. दोन भाषांच्या घरात मुलांना हा फरक सांगून ठेवावा.

टँकर उलटला तर पहिली दहा मिनिटं पोलिसांची नसतात, बंबाचीही नसतात. ती तिथं असलेल्या माणसांची असतात. आणि दुर्दैवानं आपल्याकडे त्या दहा मिनिटांत लोक डबे-कॅन घेऊन धावतात. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया इथं २५ जून २०१७ ला असाच टँकर उलटला. आजूबाजूच्या गावांतले लोक पेट्रोल भरून घ्यायला जमले, आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. ईदच्या आदल्या दिवशी. गरिबीनं हे घडतं हे मला कळतं. वीस लिटर पेट्रोल म्हणजे मजुराची तीन-चार दिवसांची कमाई. पण तिथं उभं राहून मोबाइलवर चित्रीकरण करणारे गरीब नसतात.

अण्णांनी अंतर सांगितलं ते जगभरच्या बंबवाल्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेतलं आहे. पेट्रोल किंवा इथेनॉल नुसतं सांडलेलं असेल तर चारी बाजूंनी किमान ५० मीटर मोकळं. खूप सांडलं असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ३०० मीटर. आणि टँकरच पेटला असेल तर ८०० मीटर. म्हणजे जवळजवळ अर्धा मैल. आपल्याकडे बघ्यांची गर्दी असते ती साठ फुटांवर. वाऱ्याकडे तोंड करून, चढाच्या बाजूला सरकायचं. गाडी सुरू करायची नाही, जवळ असेल तर ढकलत न्यायची. चालक अडकला असेल तर माणुसकी थांबू देत नाही, हे खरं; पण तेल वाहत असेल तर काहीही पेटलेलं, ठिणगी उडवणारं तिथं न्यायचं नाही, एवढं तरी सांभाळावं. जमलं तर दुरून मातीचा बांध घालून गटाराचं तोंड बंद करावं. पण तेही वास येत नसेल तिथूनच.

फोन ११२ किंवा १०१. महामार्गावर १०३३ सुद्धा. आपल्या भागात मोबाइलला कधी या राज्याचा टॉवर लागतो, कधी त्या. म्हणून 'धाब्याजवळ' किंवा 'पुलापाशी' एवढ्यावर भागत नाही. महामार्गाच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, गाड्या बेळगावकडे जाणाऱ्या बाजूला आहे की कोल्हापूरकडे, आणि पाटीवरचा तो चार आकडी क्रमांक, या तीन गोष्टी सांगाव्यात. क्रमांक कळला की बंब निघतानाच योग्य फेस घेऊन निघतो. दुरून वाचता येत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघावं. चित्रीकरणाचा तेवढा तरी उपयोग.

घरातल्याही दोन-चार गोष्टी आहेत. रिकामा पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असतो, यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. भरलेल्यात वाफेला जागा नसते. रिकाम्यात वाफ आणि हवा नेमक्या पेट घेण्याजोग्या प्रमाणात मिसळलेल्या असतात. पेट्रोलच्या बाबतीत हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ पुरते. रिकाम्या पिंपाला वेल्डिंग करताना माणसं जातात ती यामुळे. गाडीतून पेट्रोल काढायला नळी तोंडात धरून ओढायची आपल्याकडची सवय तर फारच वाईट. चुकून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल, रॉकेल, थिनर ठेवू नये. आणि सुरती साडी नेसून, ओढणी घेऊन या गोष्टींच्या जवळ जाऊ नये. तो धागा नुसता जळत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटतो. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही. पेट्रोलनं भिजलेले पण न पेटलेले कपडे मात्र आगीपासून दूर जाऊन लगेच उतरवायचे, तिथं लाज धरायची नाही.

सुरतेहून परत आल्यावर मी दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना एक प्रकल्प दिला. महामार्गाच्या नाक्याजवळ, पोलिसांना सांगून, सुरक्षित अंतरावर बसायचं आणि जाणाऱ्या टँकरच्या पाट्या वाचून वहीत लिहायच्या. मुलांना आधी कंटाळा आला, मग चुरस लागली. १२०३, १२०२ भरपूर मिळाले. ११७० ही मिळाले, आणि ते कुठल्या कारखान्याचे यावर गावागावांतल्या मुलांची भांडणं झाली. एक क्रमांक कुणालाच ओळखता येईना, तो त्यांनी ग्रंथालयात जाऊन शोधला. काही पाट्यांवर चिखल होता, काहींचा रंग उडालेला. आणि एका टँकरवर तातडीच्या फोन नंबरच्या चौकटीत कुणीतरी ब्रशनं छान अक्षरात लिहिलं होतं, 'फिर मिलेंगे'. चिकोडीच्या मुलीनं तेही वहीत उतरवून घेतलं.